कायम नोकरी, कंत्राट की स्वतंत्र व्यवसाय: होकार देण्यापूर्वी करावयाचा हिशेब

‘महिना पंचाहत्तर हजार’ एवढ्याच शब्दांत कामाचा प्रस्ताव समोर आला, तर त्यावरून काहीही ठरवता येत नाही. ही रक्कम कंपनीच्या पगारपत्रकावर मिळणार आहे, मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून मिळणार आहे, की दर महिन्याला आपण बिल पाठवल्यानंतर मिळणार आहे, यावर तिची खरी किंमत अवलंबून असते. आजारपणाचे, सणावाराचे आणि दोन कामांच्या मधल्या रिकाम्या काळाचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार, हा या निवडीतला कळीचा प्रश्न आहे. आवड, स्वातंत्र्य, प्रतिष्ठा यांचा विचार त्यानंतर करावा. पुढील विवेचन सॉफ्टवेअर, डिझाइन, हिशेब, भाषांतर, संपादन अशी कार्यालयीन कौशल्याची कामे करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

कंत्राट नेमके कोणत्या प्रकारचे आहे?

‘कंत्राटी’ या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात, म्हणून पहिले काम म्हणजे हाती आलेले पत्र नीट वाचणे. पत्रावर कंपनीचीच सही असून त्यात एक किंवा दोन वर्षांची मुदत दिली असेल, तर ती निश्चित मुदतीची नोकरी होय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या असून, त्यांनुसार निश्चित मुदतीच्या कर्मचाऱ्याला तेच काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्याच्या बरोबरीचे वेतन आणि लाभ मिळायला हवेत. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी) पाच वर्षे थांबावे लागते, तर मुदतीच्या कर्मचाऱ्याचा हक्क आता एका वर्षाच्या सेवेनंतर निर्माण होतो. हा प्रकार बहुतेक बाबतींत नोकरीच असतो, फक्त तिच्या शेवटाची तारीख आधीपासून ठाऊक असते. त्याला उगाच बिचकू नये.

दुसऱ्या प्रकारात नेमणूकपत्र ठेकेदाराचे असते आणि बसायची जागा कंपनीची. हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांपासून चाकणच्या कारखान्यांच्या कार्यालयांपर्यंत हा प्रकार सर्रास आढळतो आणि लोक त्याला ‘थर्ड पार्टी पेरोल’ म्हणतात. येथे भविष्य निर्वाह निधी कापला जातो, पगाराची पावतीही मिळते, मात्र कापलेली रक्कम खात्यात जमा होते की नाही हे आपणच पाहावे लागते. पहिल्या तीन महिन्यांत भविष्य निर्वाह निधीचे पासबुक संकेतस्थळावर किंवा उमंग अ‍ॅपवर उघडून दोन्ही बाजूंचा वाटा जमा झाल्याची खात्री करून घ्यावी. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी प्रमुख नियोक्त्यावर, म्हणजे जिच्यासाठी आपण प्रत्यक्ष काम करतो त्या कंपनीवर येते, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील तत्त्व नव्या संहितेतही टिकून आहे. प्रत्यक्षात तक्रार करणाऱ्याचे कंत्राट पुढे वाढत नाही, ही भीती लोकांना गप्प बसवते. म्हणूनच ठेकेदाराची पत रुजू होण्याआधी, त्याच्याकडून आधीच पगार घेणाऱ्यांना विचारून जोखून घ्यावी.

तिसरा प्रकार ‘कन्सल्टंट’ किंवा ‘रिटेनर’ या नावाचा. यात पगाराची पावती नसते, भविष्य निर्वाह निधी नसतो, व्यावसायिक शुल्क म्हणून बहुधा १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरला जाणारा आयकर) कापला जातो (निव्वळ तांत्रिक सेवा मानली गेली तर २ टक्के), आणि कायद्याच्या दृष्टीने आपण स्वतंत्र व्यावसायिक असतो. परंतु त्याच पत्रात सकाळी साडेनऊला हजेरी, रजेसाठी साहेबांची परवानगी आणि दुसरीकडे काम करण्यास मनाई, अशा अटीही असतात. माझ्या मते तिन्ही वाटांमध्ये सर्वांत वाईट सौदा हाच होय, कारण यात नोकरीची बंधने सगळी येतात, नोकरीचे संरक्षण एकही येत नाही, आणि दुसरा ग्राहक जोडण्याची मोकळीकही उरत नाही. असा प्रस्ताव स्वीकारायचाच असेल, तर त्याची किंमत किती लावावी हे पुढील हिशेबातून दिसेल.

शासकीय क्षेत्रातील अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुका आणि महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील अध्यापन यांबद्दल एकच सावधगिरी सांगतो. पुढे कायम होऊ, या आशेला वार्षिक मोबदल्याचा भाग समजू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ साली उमादेवी खटल्यात स्पष्ट केले आहे की केवळ दीर्घकाळ कंत्राटी काम केल्याने कायम नेमणुकीचा हक्क मिळत नाही. पुढे काही प्रकरणांत न्यायालयांनी दिलासा दिला हे खरे, पण तो त्या त्या प्रकरणापुरता होता.

एकाच पातळीवर आणून केलेला हिशेब

समजा, एकाच कामासाठी दोन पर्याय समोर आहेत: कायम नोकरीत वर्षाला ९ लाख रुपये एकूण मोबदला, किंवा कन्सल्टंट म्हणून महिना ७५,००० रुपये. नव्या संहितांनुसार वेतनाचा पाया एकूण मोबदल्याच्या किमान निम्मा धरायचा असल्याने मूळ वेतन वर्षाला साडेचार लाख मानू. त्यावर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के वाटा ५४,००० रुपये होतो आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे २१,६०० रुपये. बहुतेक कंपन्या या दोन्ही रकमा एकूण मोबदल्यातच धरतात. उरलेल्या सुमारे ८ लाख २४ हजारांतून आपला स्वतःचा ५४,००० चा वाटा आणि महाराष्ट्रातील वर्षाचा २,५०० रुपये व्यवसाय कर वजा केला, की हातात महिन्याला साधारण ६४,००० रुपये पडतात. नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील सवलत असल्यामुळे या पगारावर आयकर लागत नाही. (काही कंपन्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवरच, म्हणजे महिना १,८०० रुपये एवढाच वाटा भरतात, तसे असेल तर आकडे बदलतील. म्हणून पगाराची फोड लेखी मागून घ्यावी.)

कन्सल्टंटच्या खात्यात टीडीएस वजा जाऊन महिन्याला ६७,५०० रुपये येतात आणि कापलेले ९०,००० रुपये विवरणपत्र भरल्यावर बहुधा परत मिळतात. वरवर पाहता हा पर्याय महिन्याला अकरा हजारांनी सरस दिसतो, आणि नेमके येथेच अनेकांचा निर्णय होऊन जातो. वास्तविक भविष्य निर्वाह निधीचे दोन्ही वाटे मिळून १,०८,००० रुपये नोकरदाराच्याच नावावर साठत असतात. ते आणि ग्रॅच्युइटीची तरतूद मिळवली, तर दोन्ही बाजू रुपयाला रुपया जुळतात. फरक पडतो तो पुढच्या बाबींत.

शनिवार-रविवार वगळता वर्षात सुमारे २६१ कामाचे दिवस येतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या चौकटीत सणांच्या ८ भरपगारी सुट्ट्या, ८ किरकोळ रजा आणि दर २० दिवसांच्या कामामागे एक अर्जित रजा मिळते. ही बेरीज २८ दिवसांच्या आसपास जाते, म्हणजे नोकरदार २३३ दिवस काम करून पूर्ण वर्षाचा पगार घेतो. बिनपगारी रजेच्या अटीवर काम करणाऱ्याने तेवढ्याच सुट्ट्या घेतल्या तर त्याचे सुमारे ९६,००० रुपये बुडतात. त्यामुळे केवळ रजेपोटी त्याचा दर १० लाख ८ हजारांवर जायला हवा. त्यात कुटुंबाच्या आरोग्य विम्याचे ३०,००० आणि सीएच्या शुल्काचे १५,००० मिळवले, की १० लाख ५३ हजार होतात. वर्षातून एक महिना काम नसेल असे धरून ही रक्कम अकरा महिन्यांत मिळवायची म्हटली, तर वार्षिक दर ११ लाख ४९ हजारांच्या घरात, म्हणजे महिन्याला ९५,००० ते ९६,००० रुपये येतो. विम्याचे आणि सीएचे आकडे मी गृहीत धरलेले आहेत. आपले आकडे घालून हा हिशेब पुन्हा मांडावा. मात्र उत्तर नोकरीच्या एकूण मोबदल्यापेक्षा २५ ते ३० टक्के वर जाते, हे बहुतेकांच्या बाबतीत खरे ठरेल. समोरची कंपनी १० टक्के वाढवून देत असेल, तर ती आपल्याच पैशांतून बचत करीत आहे असे समजावे.

करामुळे चित्र काहीसे पालटते, हेही नमूद करायला हवे. वकिली, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापरीक्षण, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान अशा ठरावीक व्यवसायांना एकूण पावत्यांच्या, म्हणजे कामापोटी वर्षभरात आलेल्या रकमेच्या, निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची सोय आहे. पूर्वीच्या आयकर कायद्यात ती कलम ४४ एडीए या क्रमांकाने ओळखली जाई. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. वार्षिक पावत्या ५० लाखांपर्यंत, आणि रोखीचा हिस्सा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत असणाऱ्यांना ती लागू होते. त्यामुळे २४ लाखांची बिले करणाऱ्या स्वतंत्र सॉफ्टवेअर व्यावसायिकाचे करपात्र उत्पन्न १२ लाख धरले जाऊन नव्या करप्रणालीत त्याला कर लागत नाही, तर २४ लाख पगार घेणाऱ्याला तो चांगलाच लागतो. म्हणून मोठ्या रकमांच्या प्रस्तावांमध्ये कन्सल्टंटची बाजू जड होत जाते. चित्रपटांचे कथालेखक, संवादलेखक, संकलक या यादीत बसतात. भाषांतरकाराचा मात्र त्यात स्पष्ट उल्लेख नाही, तेव्हा त्याने सीएला विचारल्याशिवाय ही सोय गृहीत धरू नये.

स्वतंत्र व्यवसायाचा दर आणि वसुली

एकाच कंपनीचे काम न घेता अनेक ग्राहक सांभाळायचे, तर हिशेबाचे एकक महिना नसून बिल करता येण्याजोगा दिवस असते. काम शोधणे, दर कळवणे, नमुने पाठवणे, दुरुस्त्या करणे आणि थकलेल्या पैशांसाठी फोन करणे यांत दिवसच्या दिवस जातात आणि त्यांचे बिल कोणी देत नाही. २३३ दिवसांपैकी ६० टक्के, म्हणजे सुमारे १४० दिवसांचे बिल झाले तरी पहिल्या वर्षांत ते चांगले म्हणावे. वरच्या ९ लाखांच्या नोकरीची बरोबरी करायची, तर विमा आणि सीए यांचे ४५,००० आणि लॅपटॉप, सॉफ्टवेअर, इंटरनेट, वीज यांचे ७५,००० धरून १० लाख २० हजार रुपये १४० दिवसांत कमवावे लागतील. हा दर दिवसाला ७,३०० रुपयांच्या जवळ जातो.

हा आकडा आपल्या बाजारात टिकतो का, हे प्रामाणिकपणे पाहावे. दिवसाला दोन हजार शब्द करणाऱ्या मराठी भाषांतरकाराला तो गाठण्यासाठी शब्दाला साडेतीन रुपयांहून अधिक मिळायला हवेत आणि देशी एजन्सींकडून एवढा दर क्वचितच मिळतो. म्हणजे त्याच्यापुढे परदेशी ग्राहक, कायदा किंवा औषधनिर्मितीसारखे एखादे विशेष क्षेत्र, किंवा नोकरी सांभाळून फावल्या वेळातील काम, एवढेच मार्ग राहतात. उलट मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्या अनुभवी व्यक्तीला ७,३०० रुपये फारसे अवघड नाहीत. स्वतंत्र व्यवसाय चांगला की नोकरी चांगली, या प्रश्नाला सर्वांसाठी एक उत्तर देता येत नाही ते यामुळे.

दर जमला तरी वसुलीचा प्रश्न राहतो. काम सुरू करण्यापूर्वी केंद्र सरकारच्या उद्यम संकेतस्थळावर नोंदणी करावी. ती विनामूल्य असून सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही करता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि ऑनलाइन तक्रार दाखल करता येते. नेहमीच्या ग्राहकाविरुद्ध सहसा कोणी तक्रार करीत नाही, हे उघड आहे. तरीही बिलावर उद्यम क्रमांक ठळकपणे छापल्याचा फायदा होतो. १ एप्रिल २०२४ पासून अशा उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास ग्राहक कंपनीला त्या वर्षी त्या खर्चाची करवजावट मिळत नाही, त्यामुळे तिचा लेखापरीक्षकच आपल्या बिलाची चौकशी करतो. याखेरीज नव्या ग्राहकाकडून निदान तिसरा हिस्सा आगाऊ घ्यावा आणि एका ग्राहकावरचे अवलंबित्व एकूण उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये. ही माझी मर्यादा आहे. कोणी ती पन्नास धरील, पण सत्तर धरू नये.

लेखक, भाषांतरकार आणि संगणक-प्रणाली लिहिणाऱ्यांनी हक्कांचे कलम अवश्य वाचावे. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. स्वतंत्रपणे लिहिलेल्या मजकुराचा हक्क मात्र लेखी हस्तांतर होईपर्यंत लिहिणाऱ्याकडेच राहतो. हस्तांतराच्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असे मानले जाते. ग्राहकाने ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ असे लिहून आणले, तर त्यासाठी वेगळी रक्कम मागणे रास्त आहे. काम संपल्यावर दोन वर्षे कोणत्याही स्पर्धकाचे काम करणार नाही, अशी अटही पुष्कळदा घातलेली असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे अशी बंदी सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते.

वस्तू व सेवा कराची नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहून सेवा देणाऱ्याला सक्तीची नाही, मग ग्राहक दुसऱ्या राज्यातला का असेना. परदेशी बिलेही या उलाढालीत मोजली जातात. मर्यादा ओलांडल्यावर सेवांच्या निर्यातीवर कर भरावा लागत नाही, मात्र दरवर्षी हमीपत्र दाखल करावे लागते. वर्षाचा देय कर टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक होत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. त्याचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला येतात. निम्म्या उत्पन्नाची सोय घेणाऱ्याला १५ मार्चचा एकच पुरतो.

घराची बाजू आणि पावलांचा क्रम

हिशेब अनुकूल आला तरी घर त्यासाठी तयार आहे का, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, मुलांची फी, आई-वडिलांची औषधे, किराणा आणि विम्याचे हप्ते एवढ्या न टळणाऱ्या खर्चांची मासिक बेरीज करावी. ठेकेदाराकडे किंवा मुदतीच्या नेमणुकीवर जाताना अशा सहा महिन्यांची आणि स्वतंत्र व्यवसायात उतरताना बारा महिन्यांची रक्कम मोडता येईल अशा ठेवीत हवी. घरात दुसरा पगार येत असेल, तर ही अट निम्म्यावर आणण्यास हरकत नाही.

गृहकर्ज घ्यायचे असेल तर ते पगाराची पावती हातात असताना घेणे सोपे जाते. नोकरदाराकडून बँका साधारणतः अलीकडच्या पावत्या आणि सहा महिन्यांचे बँक विवरण मागतात, तर व्यावसायिकाकडून दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे. पण केवळ मिळते आहे म्हणून नोकरी सोडण्याच्या तोंडावर वीस वर्षांचा हप्ता गळ्यात घेणे म्हणजे वरच्या बेरजेत आपणच भर घालणे होय. आरोग्य विम्याचे तसे नाही. कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच काढून ठेवावी. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो आणि कंपनीचे छत्र असतानाच तो सुरू झालेला बरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. नजीकच्या काळात अपत्याचा विचार असेल, तर पात्र कर्मचारी स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी मिळणारी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा तुलनेत धरावी, कारण स्वतंत्र व्यवसायात तिला पर्याय नाही. त्या रजेसाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते.

नोकरी न सोडता फावल्या वेळात स्वतंत्र काम करून पाहावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चांगला आहे, पण नेमणूकपत्रातील दुसऱ्या कामाविषयीचे कलम वाचूनच तो अमलात आणावा. विप्रोने २०२२ साली प्रतिस्पर्ध्यांसाठी काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे जाहीर केले होते. लेखी परवानगी मिळत असेल तर घ्यावी. मिळत नसेल, तर निदान स्पर्धक कंपनीचे काम, कार्यालयीन वेळ आणि कार्यालयाचा लॅपटॉप या तीन गोष्टींपासून दूर राहावे.

शेवटी नोकरी सोडलीच, तर भविष्य निर्वाह निधीचे पैसे घाईने काढू नयेत. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते. ती एकसलग असावी लागत नाही. सात वर्षे नोकरी, मग तीन वर्षे स्वतंत्र व्यवसाय आणि पुन्हा नोकरी, असा प्रवास झाल्यास आधीची सात वर्षे धरली जातात, मात्र मधल्या काळात पेन्शनचा हिस्सा काढून घेतलेला नसावा. त्यासाठी झालेल्या सेवेची नोंद दाखवणारे योजना प्रमाणपत्र मागून घ्यावे, खाते क्रमांकाशी आधार व बँक खाते जोडलेले असल्याची खात्री करावी आणि जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर नोंदवली आहे का, हे शेवटचा पगार मिळाल्यानंतर महिना-दोन महिन्यांत पाहून घ्यावे.